पेल्याच्या तळाशी वायसर

बाबांच्या हाताला कंप सुटलाय, हे मला नोटीस बोर्डावरच्या कागदाने कळवलं. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, त्यांचा हात रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो, आणि तरी मला कळायला कागद लागला. सोमवारी विमानाच्या डाव्या पंखात मारलेल्या रिव्हेटपैकी बेचाळिसांची डोकी तडकली आहेत, कारण 'कारागिराच्या हातात वयोमानाने आलेली अस्थिरता', आणि शिक्का काढून घ्यायचा की नाही ते शुक्रवारच्या चौकशीत ठरेल, असं त्यावर लिहिलं होतं. खाली इस्त्रीसाहेबांची सही. मी तो कागद टाचण्यांसकट ओरबाडून काढला आणि खिशात कोंबला. मग टाचणी मांडीला टोचली, त्याचाही राग आला.

इस्त्रीसाहेब म्हणजे आमचे नवे व्यवस्थापक. आमच्याकडे लहान विमानांची दुरुस्ती होते. शेडमध्ये भर उन्हाळ्यात सगळ्यांचे कपडे घामाने अंगाला चिकटतात, पण या माणसाच्या शर्टाला कधी सुरकुती पडत नाही, म्हणून हे नाव. माझे बाबा तिथे एकतीस वर्षं रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, मारतात. प्रत्येक कारागिराकडे आपल्या नंबरचा एक छोटा पोलादी शिक्का असतो. काम झालं की कागदावर तो उमटवायचा. त्याशिवाय कामाला किंमत नाही. बाबांचा नंबर सतरा. तो शिक्का ते गळ्यातल्या साखळीत घालतात आणि आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. आई म्हणते, लग्नातली अंगठी हरवली तेव्हा यांनी हं म्हटलं, पण शिक्का एकदा उशीखाली सरकला तर सगळं घर उलटंपालटं केलं.

मी त्याच शेडच्या मागच्या प्रयोगशाळेत आहे. भट्टी माझी, सूक्ष्मदर्शक माझा, कडकपणा मोजायचं यंत्र माझं, आणि तपासणीचा एक शिक्काही माझा. बाबांनी सोमवारी मारलेले रिव्हेटही मीच तापवलेले होते.

हे रिव्हेट म्हणजे डब्यातून मूठभर काढले आणि ठोकले, असे नसतात. ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं मिसळलेलं असतं. मी ते भट्टीत जवळजवळ पाचशे अंशांपर्यंत तापवते. त्या उष्णतेत तांबं ॲल्युमिनियममध्ये विरघळतं, गरम चहात साखर विरघळते तसं. मग जाळी उचलून काही सेकंदांच्या आत गार पाण्यात बुडवायची. तांब्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते जिथल्या तिथे अडकतं आणि रिव्हेट मऊ राहतो. पण अडकलेलं तांबं स्वस्थ बसत नाही. साध्या हवेत ठेवलं की त्याचे अणू एकमेकांना शोधत येतात, जागोजागी बारीक चकत्या करून बसतात, आणि धातू कडक होत जातो. तासाभरात फरक जाणवतो, चार दिवसांत पूर्ण कडक. विमानाला तो कडकपणा हवाच असतो, पण रिव्हेट मारून झाल्यावर. आधीच कडक झालेला रिव्हेट ठोकला तर त्याचं डोकं तडकतं. म्हणून पाण्यातून काढला की थेट फ्रीझरमध्ये. थंडीत तांबं गप्प राहतं. फ्रीझरमधून काढलेला रिव्हेट वीस मिनिटांत मारायचा, नाहीतर परत भट्टीत पाठवायचा. एवढंच शास्त्र आहे, आणि ते शेडमध्ये झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे.

त्या मंगळवारी घरी गेले तर बाबा खिडकीपाशी हात पुढे करून बसले होते. पालथ्या पंजावर पाण्याने भरलेला काचेचा ग्लास. ते पाण्याकडे टक लावून बघत होते.

"अहो, तिसऱ्यांदा चाललंय हे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ग्लास फुटला तर काचा मी वेचायच्या."

"हललं का गं पाणी?" बाबांनी मला विचारलं.

"नाही हललं."

"मघाशी हललं होतं."

"मघाशी ट्रक गेला खालून," आई म्हणाली. "भिंतीवरचं घड्याळसुद्धा हललं. त्यालाही कंप सुटला असेल."

मी कागद टेबलावर आपटला. "बाबा, रिव्हेट कसे लागले तुम्हाला?"

"कडक लागले. तिसरा मारला आणि थांबलो. साहेब तिथेच उभा होता, त्याला म्हटलं, रिव्हेट कडक आलेत."

"मग?"

"म्हणाला, रिव्हेट कडक आलेत की तुमचे हात नरम झालेत? सगळे हसले." त्यांनी ग्लास उतरवून ठेवला आणि पंजा उलटसुलट करून बघितला. "आता वाटतं, त्याचंच बरोबर असेल. एकसष्ट झालं मला."

एकतीस वर्षं जे हात आम्ही पोट भरायला वापरले, ते हात हा माणूस काचेच्या ग्लासाने तपासत होता, आणि तेही कोणाच्या सांगण्यावरून, तर ज्याने आयुष्यात एक खिळा ठोकला नाही त्याच्या. माझं डोकं इतकं तापलं की मला पुढचं काही सुचलंच नाही. पुढे काय झालं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. सरळ उठून गच्चीवर गेले आणि वाळत घातलेले कपडे वाळले नव्हते तरी ओढून काढले.

बुधवारी सकाळी मी तडकलेला एक रिव्हेट मधोमध कापला, घासूनपुसून आरशासारखा केला, आम्ल लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सगळं छान होतं. दाणे बारीक, एकसारखे, सीमा स्वच्छ. भट्टी बरोबर होती, पाणी बरोबर होतं. ज्या चकत्यांमुळे धातू कडक होतो त्या मात्र दिसत नाहीत. त्या इतक्या बारीक असतात की माझ्या भिंगाला त्यांचा पत्ताही लागत नाही. गुन्हेगार आत बसलेला आहे हे मला माहीत होतं, पण तो मला दाखवता येत नव्हता.

इस्त्रीसाहेब नेमके तेव्हाच आत आले. भिंगातून बघितलं. "वा, सुंदर. म्हणजे धातूत काही दोष नाही."

"यात दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, सर. कडकपणा मोजला तर…"

"मोजा ना. आज बुधवार. सोमवारचा रिव्हेट आज कडकच असणार. तुम्हीच शिकवलंत मला." ते हसले. "मॅडम, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण वडिलांचं वय होतं, हे मुलींना मान्य करायला जड जातं."

ते गेल्यावर मी हातातला चिमटा टेबलावर आपटला, तो उडून कपाटाखाली गेला. सगळ्यात जास्त राग याचा की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बाहेर राहिलेला रिव्हेट सोमवारी मऊ होता की कडक, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. मग चिमटा शोधायला गुडघ्यांवर बसले तेव्हा लक्षात आलं की सगळे रिव्हेट बाहेर कुठे आहेत? त्याच घाण्यातले, एकाच वेळी तापवलेले निम्मे अजून फ्रीझरमध्ये आहेत. ते ज्या अवस्थेत आत गोठले, त्याच अवस्थेत आजही असणार.

फ्रीझर कोठारात आहे. पूर्वी कारागीर स्वतः जाऊन रिव्हेट काढायचे. झाकण उघडलं की बाबा आधी कोपऱ्यातला स्टीलचा पेला बघायचे. तो त्यांनीच ठेवलेला. पेल्यात पाणी गोठवायचं आणि बर्फावर एक लोखंडी वायसर, नटाखाली घालतात ती भोकाची चकती, ठेवायचा. वीज गेली, बर्फ वितळला, तर वायसर तळाला जातो. मग वीज परत येऊन पाणी गोठलं तरी वायसर काही वर येत नाही. वायसर वर असेल तर काम सुरू, खाली असेल तर सगळा घाणा परत माझ्या भट्टीत. सगळे हसायचे त्या पेल्याला, पण बघितल्याशिवाय रिव्हेट कोणी उचलायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी इस्त्रीसाहेबांनी फ्रीझरला कुलूप लावलं. कारागिरांनी जागेवरून हलायचं नाही, रिव्हेट जागेवर पोचतील, वेळ वाचेल. किल्ली कोठार सांभाळणाऱ्या कुलूपकाकांकडे गेली, आणि पेला बघायला कोणी उरलं नाही.

"फ्रीझर उघडा, काका," मी म्हटलं.

"चिठ्ठी आणलीस?"

"काका, उघडा."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी उघडलं. पेला कोपऱ्यातच होता. वर बर्फ पांढराशुभ्र, सपाट, रिकामा. मी पेला उलटा करून तळहातावर आपटला, बर्फाची गोटी बाहेर आली. वायसर खालच्या टोकाला, बर्फात रुतून बसला होता.

मी ती गोटी काकांच्या नाकासमोर धरली.

"शनिवारी पाहुणे आले होते," काका म्हणाले. त्यांनी तर विचारायचीही वाट बघितली नाही. "कॉफीचं यंत्र लावायचं होतं साहेबांना. पलीकडच्या खोलीत बटण चालत नाही, म्हणून फ्रीझरचा प्लग काढून इथून वायर ओढली. साहेब म्हणाले, तासाभराचा तर प्रश्न आहे."

"आणि मग?"

"मग सगळेच लवकर निघालो. रविवारी सुट्टी. सोमवारी आलो तेव्हा बघितलं, लगेच परत लावला."

"पेला बघितलात?"

काका कुलुपाशी चाळा करत राहिले. "पाणी झालं होतं. वायसर खाली होता."

"आणि तरी ट्रे बाबांच्या हातात दिलात. दर दिवाळीला आमच्या घरी आलात, बाबांच्या शेजारी बसून जेवलात, आणि काल बोर्डावर तो कागद वाचूनही गप्प बसलात?"

"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत पोरी."

त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ते इतके आक्रसून उभे होते की ओरडताही येईना. "शुक्रवारी हे सगळं बोलायचं," एवढंच म्हणाले. बर्फाची गोटी परत पेल्यात टाकली, पेला फ्रीझरमध्ये ठेवला, झाकणावर माझी सही केलेला कागद चिकटवला, आणि किल्ली सरळ माझ्या खिशात टाकली.

शुक्रवारी परवाना कार्यालयातून तपासणी अधिकारी बाई आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, हातात स्वतःची पाण्याची बाटली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. काका बोलले, खाली मान घालून, पण बोलले. इस्त्रीसाहेबांनीही शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, "पेला हे काही मोजमापाचं साधन नाही. वायसर कोणीही पाण्यात टाकू शकतं. किल्ली तीन दिवस मॅडमच्या खिशात होती. आणि मॅडम त्यांच्या कन्या आहेत, हे नोंदवून घ्यावं."

किल्ली मी रागात घेतली होती, साक्षीदार न ठेवता.

"मग माझ्या शब्दावर विसंबूच नका," मी बाईंना म्हटलं. "मी आत्ता तुमच्यासमोर नवा घाणा तापवते. त्यातले बारा घ्या, फ्रीझरमधले बारा घ्या. सरमिसळ तुम्ही करा. कोणता कुठला, ते तुमच्या वहीत राहू दे. बाबांना मारू द्या. त्यांचा हात गेलाय ना? मग त्यांना काही कळणारच नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "करा," म्हणाल्या.

दीड तासाने चोवीस रिव्हेट एका ट्रेमध्ये, बर्फाच्या पिशव्यांवर, नंबर घातलेल्या भोकांत उभे होते. दिसायला सगळे जुळे भाऊ. बाबांनी भंगारातल्या पत्र्यापाशी उभं राहून रिव्हेट गन हातात घेतली. पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायला त्यांचा नेहमीचा जोडीदार होता, त्याच्या कपाळावर घाम होता. बाबांच्या कपाळावर नव्हता.

गनचा एक छोटा ठोका दिला, थांबले. "मऊ." मग पूर्ण मारला. दुसरा. एक ठोका. "कडक." तो अर्धवट सोडला. तिसरा कडक. चौथा मऊ. त्यांनी एकदाही रिव्हेटकडे निरखून बघितलं नाही, ते माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या भिंतीकडे, काय माहीत. पंधरा मिनिटांत चोवीस झाले. बाईंनी वही उघडली आणि एकेक नंबर वाचत गेल्या. चोवीसच्या चोवीस बरोबर. मग मी दोन्हीकडचे उरलेले रिव्हेट यंत्राखाली दाबून आकडे दाखवले. ताज्यांचे ऐंशीच्या आसपास, फ्रीझरमधल्यांचे एकशेवीसच्या वर. यंत्राला लागला एक तास, बाबांना पंधरा मिनिटं.

मला इतका आनंद झाला होता की मी तो लपवलासुद्धा नाही. सरळ इस्त्रीसाहेबांकडे बघून हसले.

तेही हसले. "माझी एक शंका आहे," त्यांनी बाईंना सांगितलं. "यांना एका ठोक्यात कळतं, हे आता सिद्धच झालं. मग सोमवारी बेचाळीस कसे मारले?"

माझ्या हातातला आकड्यांचा कागद मला एकदम नकोसा झाला. हात चांगला आहे हे दाखवायला मी एवढी धडपडले, आणि त्या चांगल्या हातानेच आता बाबा पकडले गेले होते. हा प्रश्न मला मंगळवारीच सुचायला हवा होता.

बाबांनी गनची हवा बंद केली, नळी नीट गुंडाळून खुंटीला लावली. "तिसऱ्यालाच कळलं होतं," ते म्हणाले. "साहेबांना सांगितलं. त्यावर त्यांनी काय विनोद केला, तो त्यांनीच सांगावा."

"बाबा, बस. एवढंच पुरे," मी म्हटलं.

"थांब गं." ते बाईंकडे वळले. "पण पुढचे एकोणचाळीस साहेबांनी नाही मारले. मी मारले. मला राग आला होता. म्हटलं, घे तुझे रिव्हेट, तडकू देत, बघू कोणाची लाज जाते. प्रत्येक ठोक्याला कळत होतं मला, आणि मी मारत होतो. माणसावर राग काढायची हिंमत नव्हती, पंखावर काढला. कोणाच्या नजरेतून सुटलं असतं तर त्या पंखाच्या भरवशावर कोणीतरी वर गेलं असतं." त्यांनी गळ्यातली साखळी काढली, शिक्का सोडवला आणि बाईंच्या वहीवर ठेवला. "हात चांगला आहे, हे मात्र लिहा."

बाईंनी लिहिलं. हाताबद्दलचा शेरा रद्द. शिक्का नंबर सतरा सहा महिने जमा. व्यवस्थापकांचा मंजुरीचा अधिकार चौकशी पूर्ण होईपर्यंत स्थगित. फ्रीझरची किल्ली कारागिरांकडे. तो पेला तपासणीच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर.

घरी जाताना रस्ताभर मी बाबांना बोलत होते. जिंकलेली गोष्ट हातची घालवलीत, त्याने विनोद केला होता एवढं पुरेसं होतं, तुम्हाला कोणी विचारलं होतं पुढचं सांगायला. कोपऱ्यावर पोचल्यावर ते म्हणाले, "त्यानेच विचारलं की." आणि घरात शिरून आईला चहा टाकायला सांगितला.

सोमवारी त्यांनी ते बेचाळीस रिव्हेट काढायला घेतले. शिक्का नसला तरी दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करता येतं, आणि देखरेख मी मागून घेतली. रिव्हेट काढणं मारण्यापेक्षा अवघड. डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरायचं, नेमकं डोक्याएवढंच खोल जायचं, मग हलकेच ठोकून दांडा पलीकडे पाडायचा. केसभर सरकलं तर भोक मोठं होतं आणि अख्खा पत्रा बदलावा लागतो. बाबांनी दोन दिवस घेतले. प्रत्येक भोकात मी मापाची दांडी घालून बघायची, कागदावर खूण करायची आणि माझा शिक्का मारायचा.

मंगळवारी दुपारी, शेवटची चार-पाच भोकं राहिली असताना, इस्त्रीसाहेब बाजूने गेले. हातात कॉफीचा कप, शर्ट तसाच कडक. त्यांची बदली होणार असं सगळे म्हणत होते, पण झाली नव्हती. ते जाताजाता म्हणाले, "चालू दे, चालू दे," जसं काही ते काम त्यांनीच दिलं होतं. मी रागाने त्यांच्या पाठीकडे बघतच दांडी भोकात घातली, काढली, खूण केली आणि शिक्का उचलला.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"हे भोक बघितलंस?"

"बघितलं."

"तू त्याच्याकडे बघत होतीस."

शिक्का कागदापासून बोटभर वर होता आणि खाली येत नव्हता, कारण त्यांनी हात सोडला नव्हता. तेव्हा मला जाणवलं की त्यांची बोटं एकदम स्थिर आहेत आणि थरथरतंय ते माझं मनगट.

"परत बघ," ते म्हणाले.

मी शिक्का खिशात ठेवला, दिवा जवळ ओढला आणि दांडी परत भोकात घातली. भोक बरोबर होतं. त्याच्या आधीचीही तीन मी पुन्हा एकेक करून तपासली.